बॅकअप सर्व्हर बदलताना अर्थिंग आणि रिस्टोअरही ठरावात घ्या

महोदय,

मार्च जवळ आला की तालुक्याच्या पतसंस्था, बाजार समित्या आणि शिक्षण संस्थांच्या सभांत जुना बॅकअप सर्व्हर बदलण्याचे ठराव येतात. दरपत्रकात किती टेराबाइट आणि किती वर्षांची वॉरंटी एवढेच असते. कमी दराला मंजुरी मिळते आणि पेटी एप्रिल-मेच्या उन्हात येऊन पडते. डेटा जुन्यावरून नव्यावर कसा जाणार आणि वेळ आल्यावर त्यातून खाती परत उभी राहतील का (म्हणजे रिस्टोअर), यावर कागदात एक ओळ नसते. म्हणून सचिव आणि व्यवस्थापकांसाठी हे पत्र.

जागेचा हिशेब सोपा आहे. ४ टेराबाइटच्या चार डिस्क रेड-६ मध्ये (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी) लावल्या तर हाती ८ टेराबाइट येतात आणि विंडोजवर ७.२७ दिसतात. यात पुरवठादाराने फसवलेले नसते. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. सीसीटीव्हीचे चित्रण बॅकअपमध्ये धरू नये. डिस्क सीएमआर प्रकारची (माग शेजारी-शेजारी सुटे लिहिणारी) हवी, हे दरपत्रकातच लिहून घ्यावे. एसएमआर (माग एकमेकांवर चढवून लिहिणारी) स्वस्त पडते, पण बिघडलेली डिस्क बदलल्यावर रेडची पुनर्बांधणी तिच्यावर रखडते.

खरा घोळ वेळेच्या अंदाजात होतो. २ टेराबाइट डेटा गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० मेगाबाइटने सुमारे ५ तासांत जातो. स्कॅन केलेल्या लाखो छोट्या फाइली असतील तर दुप्पट-तिप्पट धरा. मात्र केबलच्या चार जोड्यांपैकी एक जरी उंदराने कुरतडली किंवा क्रिम्पिंगमध्ये (टोकाला कनेक्टर बसवताना) सैल राहिली, तर जोडणी बहुधा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, कारण तेवढ्या वेगाला दोनच जोड्या पुरतात. दिवा हिरवा दिसतो, नेट चालते, कुणाला काही कळत नाही. मग तेच काम ५० तासांवर जाते. शनिवारी संध्याकाळी ५ ला सुरू केलेली कॉपी सोमवारी संध्याकाळी ७ ला संपेल, तोवर काउंटरवर दिवसभराची रांग होऊन गेलेली असेल. नेटवर्क जोडणीचा वेग आधी बघा, मगच तारीख ठरवा.

शाखेत दुसरी प्रत ठेवायची असेल तर पहिली पूर्ण प्रत मुख्य कार्यालयातच काढून पेटी गाडीने न्यावी. २० मेगाबिटच्या लाइनवरून २ टेराबाइट पाठवायला अखंड नऊ दिवस लागतात. रोजचा २ जीबीचा बदल मात्र पाव तासाच्या आत जातो.

जुना आणि नवा सर्व्हर महिनाभर समांतर चालवावा हे सगळेच सांगतात, पण त्यातली खोच कुणी सांगत नाही. एसक्यूएल सर्व्हरवर (खात्यांचा डेटाबेस सांभाळणारी प्रणाली) नव्या यंत्रणेने पूर्ण बॅकअप घेतला की त्यानंतरचे डिफरन्शियल (पूर्ण प्रतीनंतरचे फक्त बदल साठवणारे बॅकअप) त्या नव्या प्रतीवर बेततात. जुन्या यंत्रणेची साखळी तिथेच तुटते आणि रिस्टोअर करेपर्यंत पत्ता लागत नाही. लॉग बॅकअप (व्यवहारांच्या नोंदींचे) दोन्ही यंत्रणांनी घेतले तर अर्धे तुकडे इकडे, अर्धे तिकडे. समांतर काळात नव्याने फक्त ‘कॉपी ओन्ली’ (जुनी साखळी न तोडणारे) बॅकअप घ्यावेत आणि लॉग एकानेच. जुने सगळे बॅकअप नव्यावर ओढत बसू नये. दरवर्षीच्या ३१ मार्चच्या प्रती तेवढ्या हलवून तपासाव्यात. बाकी जुनी पेटी बंद करून कपाटात ठेवावी. एनक्रिप्शनचा (बॅकअप कुलूपबंद करण्याचा) पासवर्ड एकट्या पुरवठादाराच्या माणसाकडे असेल तर तो आधी लिहून घ्या, लखोट्यात घालून तिजोरीत ठेवा. पासवर्ड गेला की कपाटातली पेटी म्हणजे नुसते वजन.

मराठी फाइलनावांचा त्रास वेगळाच. विंडोजवर नाव २५५ अक्षरांपर्यंत चालते, बहुतेक लिनक्स-आधारित स्टोरेजवर २५५ बाइटपर्यंत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. काना, मात्रा, हलन्त सुटे मोजले जातात. एकटा ‘प्रधानमंत्री’ ३६ बाइटचा! म्हणजे फाइलीसाठी उरतात जेमतेम ८५ चिन्हे. ‘पीक विमा लाभार्थी गावनिहाय सुधारित अंतिम यादी’ अशी नावे त्या मर्यादेकडेच चाललेली असतात. ती ओलांडणारी फाइल कॉपी होत नाही आणि कॉपीच्या नोंदी कुणी वाचत नाही. रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करणारी आज्ञा) वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. अडकलेल्या फाइलीसाठी ती मूळ सेटिंगवर दर ३० सेकंदांनी, तब्बल दहा लाख वेळा प्रयत्न करते. आकडा दोन-तीनवर आणावा. आणि ‘मिरर’चा (मुक्काम मुळासारखा हुबेहूब करणारा) स्विच लावताना मूळ व मुक्काम उलटे पडले तर रिकामी नवी पेटी जुनीलाही रिकामी करते. आधी नुसती यादी काढून पाहावी.

आता आपल्या दर्यापूर-मूर्तिजापूर भागाचे. भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि नेमक्या पहिल्या विजांच्या वेळी अर्थिंग नावालाच उरते. मल्टिमीटरने न्यूट्रल व अर्थ यांच्यातला दाब मोजावा. २-३ व्होल्टच्या वर गेला तर सर्व्हर लावण्याआधी वायरमन बोलवावा. मेमध्ये खड्ड्यात नियमित पाणी टाकण्याचे काम शिपायाच्या कामांत लिहून द्यावे. कुलरच्या झोतात पेटी कधीच ठेवू नये. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याचे तुषार बोर्डावर वाळतात आणि पांढरे क्षार मागे राहतात. यूपीएसची यूएसबी केबल स्टोरेजला जोडलेली हवी, नाहीतर बॅटरी संपताच लिहिता लिहिता वीज जाते. तीच बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्म्या आयुष्याची होते; आपल्या उन्हाळ्यात तिच्यावर लिहिलेल्या वर्षांना अर्थ नाही.

पतसंस्थेने हे काम संक्रांत झाल्यावर, मार्चची वसुली अंगावर येण्याआधी उरकावे. कपाशीच्या बाजार समितीत तेव्हा आवक असते, तिला पोळ्याआधीचे दिवस बरे. विजांचे दिवस असल्याने अर्थिंग मात्र त्याच्याही आधी.

बॅकअपचे फोल्डर लेखापालाच्या संगणकावर ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवण्याची पद्धत बंद व्हायला हवी. रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली अडकवणारा व्हायरस) खतावणीसोबत तेही कुलूपबंद करते. बॅकअपसाठी वेगळे खाते, वेगळा पासवर्ड, आणि एक डिस्क आठवड्यातून एकदाच जोडून परत तिजोरीत.

ठरावात एक अट घालावी: बिलाची २५ टक्के रक्कम रिस्टोअर दाखवल्यावरच द्यावी. दुसऱ्या संगणकावर, मूळ सर्व्हरला हात न लावता, एका ठरलेल्या तारखेचा डेटा उभा करायचा. त्या दिवशीची तेरीज छापील तेरजेशी पैशापर्यंत जुळवायची, दहा खातेदारांचे स्कॅन उघडून पाहायचे, जुन्या फॉन्टमधली मराठी नावे नीट दिसतात का तेही बघायचे, आणि लागलेला वेळ सभेच्या इतिवृत्तात नोंदवायचा.

– काही संगणक देखभाल कर्मचारी,
दर्यापूर व मूर्तिजापूर