तुलना पेटीची की अंतराची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्टुडिओ पोर्ट्रेटसाठी दिव्यांचं साहित्य कसं निवडावं, यावरचा लेख वाचला. छत्री (दिव्याचा उजेड पसरवणारी), सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरा पडदा असलेली कापडी पेटी) आणि ब्युटी डिश (ताटलीसारखा उथळ रिफ्लेक्टर) वापरून काढलेले एकाच मुलीचे तीन फोटो शेजारी शेजारी छापले होते. खाली निष्कर्ष होता की सॉफ्टबॉक्सचा प्रकाश सर्वांत मऊ, छत्रीचा त्याहून कडक, तेव्हा जमेल तेवढा मोठा सॉफ्टबॉक्स घ्यावा. मी ३१ वर्षं पोर्ट्रेट काढते आहे. सवयीनं भिंग घेतलं आणि आधी त्या मुलीचे डोळे पाहिले. सॉफ्टबॉक्सच्या फोटोत बुबुळावरचा पांढरा चौकोन, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब, चांगला ठसठशीत. छत्रीच्या फोटोत त्याच जागी मोहरीएवढा ठिपका. म्हणजे पेटी चेहऱ्याला खेटून होती आणि छत्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला. फरक दिसला तो अंतराचा, आणि खापर फुटलं छत्रीवर.

प्रकाश किती मऊ पडणार हे, चेहऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर दिवा केवढा दिसतो, यावर ठरतं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. एवढा सॉफ्टबॉक्स कोण आणणार? पण तो १५ कोटी किलोमीटरवर आहे, आभाळात जेमतेम अर्धा अंश भरतो, म्हणून उन्हातली सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली विरून जाते. स्टुडिओतही तेच. १२० सेंटिमीटरचा ऑक्टा, म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, तेवढ्याच अंतरावर ठेवला तर नाकाची सावली गालावर नेमकी कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही. तोच ऑक्टा ३ मीटरवर न्या, सावलीला लगेच काठ येतो. उलट ६० सेंटिमीटरची साधी पेटी चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर आणली, तर मऊपणात ती त्या जवळच्या ऑक्टाची बरोबरी करते.

मग मोठी पेटी घ्यायचीच कशाला? घ्यायची, पण कारण वेगळं. दिवा फार जवळ आला की प्रकाशाचा उतार तीव्र होतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण नाक ते कान एवढ्याशा टप्प्यातही तो लागू होतो हे लक्षात येत नाही. दिवा ६० सेंटिमीटरवर असेल आणि कान नाकाहून १५ सेंटिमीटर मागे असेल, तर कानावर अर्ध्या स्टॉपहून जास्त अंधार (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). दिवा ३ मीटरवर असेल तर तो फरक जाणवतही नाही. (काटेकोर हिशेब बिंदूएवढ्या दिव्याचा आहे, मोठ्या पेटीच्या अगदी जवळ उतार थोडा सौम्य असतो.) एका चेहऱ्याला हा उतार शोभतो. दोघांना शेजारी बसवलंत की एकजण उजळ आणि दुसरा उपरा. मोठी पेटी लागते ती लांबूनही मऊपणा टिकवण्यासाठी. एकटा चेहरा आणि छोटी खोली असेल तर ती नुसती अडगळ.

पार्श्वभूमीचा रंगसुद्धा याच अंतरावर ठरतो. माझ्याकडे मागे लावायला करड्या कागदाचा एकच रोल आहे. दिवा चेहऱ्यापासून १ मीटर आणि कागदापासून ३ मीटर ठेवला तर कागदावर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याचा प्रकाश पोचतो, म्हणजे तो ३ स्टॉप खाली जाऊन जवळपास काळा दिसतो. दिवा मागे घेऊन हेच आकडे ३ आणि ५ केले की कागद पुन्हा करडा. रोल बदलायची गरजच पडत नाही.

छत्रीबद्दल लेखात अन्याय झालाय, तसंच तिचा खरा अवगुण सांगायचाही राहून गेलाय. पांढरी आरपार छत्री निम्मा उजेड पाठीमागे उधळते. तो प्रकाश भिंतींवर आपटतो आणि भिंतीचा रंग घेऊन चेहऱ्यावर परत येतो. वडिलांकडून स्टुडिओ माझ्याकडे आला तेव्हा एका भिंतीला पिस्ता रंग होता. वडील पत्र्याच्या रिफ्लेक्टरपुढे ट्रेसिंग पेपर लावून काम करत, त्यांचा उजेड भिंतीपर्यंत फारसा जातच नसे. मी हौसेनं छत्री आणली आणि प्रत्येकाच्या जबड्याखाली आजारी हिरवट छटा दिसू लागली. दोन महिने लॅबवाल्याशी भांडले. मग एक दिवस फोकस जुळवताना मॉडेलिंग लॅम्पच्या (फ्लॅशमधल्या सतत जळणाऱ्या दिव्याच्या) उजेडात सगळी भिंत हिरवी उजळलेली दिसली. काळं कापड टांगलं, प्रश्न मिटला. लॅबवाल्याची माफीही मागितली. ते कापड मी अजून वापरते. गाल भरलेला असेल तर सावलीच्या बाजूला, अगदी कानाजवळ धरलं की चेहऱ्याला हाड येतं. दिव्याचं साहित्य म्हणताना उजेड खाणाऱ्या वस्तूही मोजायला हव्यात.

आणि चष्मा! लेखात चष्म्याचं नावही नाही. एक निवृत्त शिक्षक आले होते, जाड भिंगांचा चष्मा. मी आपला सर्वांत मोठा, १५० सेंटिमीटरचा ऑक्टा लावला, वयस्कर माणूस, प्रकाश मऊ हवा म्हणून. दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या. दिवा वर घेतला, तरी खालची कड काचेत शिल्लक. आणखी वर घेतला तर भुवयांच्या सावलीत डोळेच बुडाले. आकार जितका मोठा, तितक्या जास्त कोनांतून तो काचेत शिरतो, हे मला माहीत होतं, पण मऊपणाच्या हट्टापायी विसरले होते. शेवटी ६० बाय ९० ची पेटी कपाळाच्या वर, थोडी बाजूला लावली आणि चष्म्याच्या दांड्या कानांवरून बोटभर उचलून ठेवल्या. काचा किंचित खाली कलल्या आणि डोळे दिसले. दांड्या उचलल्यात हे समोरून कळत नाही. सर म्हणाले, ‘आता वर्गात मागच्या बाकावरचं दिसेल.’

ब्युटी डिशबद्दल थोडक्यात. ती साधारण ४० ते ५५ सेंटिमीटरची असते आणि जवळूनच शोभते. दोन-अडीच मीटरवर नेली की ती फक्त महागातला कडक दिवा. खरखरीत त्वचा ती लपवत नाही, पण मेकअप चांगला असेल तर गालाची घडण तिच्याइतकी कुणी दाखवत नाही. कडक उजेडाला उगाच नावं ठेवू नयेत. १९३० च्या दशकात जॉर्ज हरेलनं हॉलिवूडच्या ताऱ्यांची पोर्ट्रेट कडक स्पॉटलाइटखालीच काढली. निगेटिव्हवर पेन्सिलीनं केलेलं रिटचिंगही त्यात होतं, ते सोडा.

पेटी घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र जरूर करून पाहावी. एक्स्पोजर बरंच खाली घेऊन पेटीच्या तोंडाचाच फोटो काढावा. मध्ये पांढरा गोळा आणि कडा काळवंडलेल्या दिसल्या तर ९० ची पेटी ५० चं काम करते आहे. हल्ली एलईडीचे सपाट चिपवाले दिवे उजेड समोरच फेकतात, तेव्हा हा गोळा हमखास सापडतो. आतला दुसरा पडदा लावला की सुधारतो, बदल्यात थोडा प्रकाश कमी होतो.

एवढं लिहिण्याचं कारण, पुढच्या भागात रिफ्लेक्टर आणि ग्रिडची (उजेड पसरू न देणाऱ्या जाळीची) तुलना येणार आहे असं आपण छापलंय. नमुन्याच्या प्रत्येक फोटोखाली दिवा ते चेहरा आणि दिवा ते पार्श्वभूमी ही दोन्ही अंतरं सेंटिमीटरमध्ये द्यावीत, आणि तुलना करताना ती बदलू नयेत. चौकटीत जागा कमी पडली तर साहित्याच्या कंपनीचं नाव गाळलं तरी चालेल.

आपली,
एक स्टुडिओवाली वाचक