तीन मशीन, एकच चेन: मिस्त्रीकाकांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ असो की मे २०२१ चं तौक्ते, वाटेवर आडवे पडलेले आंबे-फणस कापताना वेगवेगळ्या मापांच्या चेन सांभाळणं किती जिकिरीचं, हे कोकणात सांगायला नको. आता आमच्या तीन चेनसॉंना (साखळी-करवतींना) एकच चेन चालते: ०.३२५ इंच पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), १.५ मि.मी. गेज (चेनच्या खाचेत बसणाऱ्या भागाची जाडी). हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही ते कसं केलंत, तेही इथे लिहितो, म्हणजे इतरांच्या उपयोगी पडेल.

५० सीसीची दोन मशीन आधीच ०.३२५ वर होती. प्रश्न होता ३/८ इंच पिचच्या ६० सीसी मशीनचा. नुसती चेन बदलून भागत नाही, रिम (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि बारच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या) टोकाची चकतीही त्याच पिचची हवी, हे तुम्ही आधीच बजावलंत. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळतो. गेज बारच्या खाचेप्रमाणे हवं. १.५ च्या खाचेत १.३ ची चेन घातली तर ती कलते आणि काप वाकडा जातो.

तुमचं खरं कसब रिम निवडण्यात दिसलं. ३/८ च्या सातदाती रिमवर चेन एका फेऱ्यात ५.२५ इंच पुढे जायची. ०.३२५ ची सातदाती रिम लावली असती तर ४.५५ इंचच गेली असती. तुम्ही आठदाती लावलीत: ५.२ इंच. वेग जवळपास तोच राहिला. उलट ५० सीसीवाल्यांना सातदाती ३/८ दिली असती, तर चेनचा वेग पंधरा टक्के वाढून ओढ त्या प्रमाणात घटली असती आणि ओल्या लाकडात इंजिन दबलं असतं.

त्या ६० सीसी मशीनचा क्लच ड्रमच्या (रिम फिरवणाऱ्या गोल डब्याच्या) बाहेर आहे आणि आटे उलटे. प्लग काढून, पिस्टनने एक्झॉस्टचं भोक बंद केल्यावरच तुम्ही पिस्टन अडवायला सिलिंडरमध्ये दोरी सोडलीत; नाहीतर दोरी भोकात अडकून तुटते. मग पाना घड्याळाच्या दिशेने फिरवून क्लच सोडवलात. सुई बेअरिंगला ग्रीस दिलंत. ऑइल पंपाच्या तारेचं टोक ड्रमच्या खाचेत बसलंय ना, हे दोनदा पाहिलंत. ते बसलं नाही तर पंप फिरत नाही आणि बार कोरडा पडून जळतो. शेवटी झाकण घट्ट करून, बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून मशीन रेस केलंत. तेलाची रेघ उठली तेव्हाच काम संपवलंत.

चौथ्या, छोट्या मशीनला तुम्ही हात लावला नाहीत, त्याचे आभार वेगळे. त्याची चेन ३/८ लो प्रोफाइल (बुटकी). नावात ३/८ असलं तरी ती साध्या ३/८ च्या रिमवर नीट बसत नाही. शिवाय त्याचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) ड्रमला कायमचं जोडलेलं, आणि ०.३२५ ची जड चेन ओढण्याइतकी ताकद त्यात नाही.

आता तिघांना ४.८ मि.मी. ची एकच गोल कानस पुरते. नवी चेन इंचावर नाही, ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्या) मोजूनच आणतो. दोन चेन झिजल्या की रिम बदलायची, आणि दात्यांवर अर्धा मि.मी. खड्डा दिसला तर त्याआधीच, हे तुमचं सांगणं शेडच्या दारावर खडूने लिहिलंय.

३/८ चा जुना बार आणि दोन धडक्या चेन सोबत पाठवल्या आहेत. ज्यांच्याकडे त्या मापाचं मशीन असेल त्यांना देऊन टाका.

तुमचे,
वाडीतले बागायतदार