विणकामाच्या नमुन्याला माप हवे आणि रचणारीचे नावही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हाताने विणायच्या स्वेटरचा, मफलरचा किंवा टोपीचा एखादा नमुना छापून येतो आणि माझ्या विणकामाच्या वर्गातल्या भगिनी ते कात्रण जपून घेऊन येतात. वृत्तपत्रात या कलेला जागा मिळते याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या नमुन्यांत दोन गोष्टी जवळजवळ कधीच नसतात. एक म्हणजे टाक्यांचे माप आणि दुसरी म्हणजे तो नमुना ज्या व्यक्तीने रचला तिचे नाव. या दोन्ही गोष्टी यापुढे छापल्या जाव्यात, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे. त्यांचे महत्त्व सांगताना थोडा विस्तार होईल, तो आपण गोड मानून घ्यावा.

टाक्यांचे माप म्हणजे विणलेल्या तुकड्याच्या दहा सेंटिमीटर रुंदीत किती टाके बसतात आणि दहा सेंटिमीटर उंचीत किती ओळी बसतात, हा हिशेब. नव्वद सेंटिमीटर छातीच्या व्यक्तीसाठी स्वेटर रचायचा आहे असे समजू. अंगावर सहज बसावा म्हणून त्यात आठ सेंटिमीटर सैलपणा धरला, म्हणजे घेर ९८ सेंटिमीटर झाला. रचणाऱ्या बाईंच्या हाताने दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील तर एकूण सुमारे २१६ टाके लागतात, म्हणजे पुढच्या भागाला १०८ आणि पाठीला १०८; शिवणीत जाणारे कडेचे टाके वेगळे. आता छापताना ‘१०८ टाके घालावेत’ एवढेच छापले गेले आणि वाचक भगिनीचा हात जरा घट्ट असल्याने तिचे दहा सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसले, तर तेच २१६ टाके बरोबर नव्वद सेंटिमीटरमध्ये संपतात आणि सैलपणाला जागाच उरत नाही. उलट हात सैल असून २० टाके बसले तर घेर १०८ सेंटिमीटर होतो. लोकर तीच, सुई तीच, नमुना तोच, आणि दोन स्वेटरांत १८ सेंटिमीटरचा फरक. महिनाभर विणून झाल्यावर तो स्वेटर अंगात जात नाही किंवा पोत्यासारखा लोंबतो, तेव्हा ती भगिनी दोष स्वतःच्या हाताला देते. खरे तर तिचा हात चुकलेला नसतो. नमुन्यातली एक ओळ छापायची राहिलेली असते.

सुयांच्या क्रमांकांनी हा गोंधळ आणखी वाढतो. आपल्या बाजारात सुया जुन्या ब्रिटिश क्रमांकांनी ओळखल्या जातात, म्हणजे क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक: आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची आणि दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे, तिथे आठ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर आणि दहा नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला अमेरिकी नमुना आपल्याकडच्या दहा नंबरच्या सुयांवर विणायला घेतला तर जवळपास निम्म्या जाडीची सुई हातात येते आणि कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते. म्हणून सुई नेहमी मिलिमीटरमध्ये सांगावी आणि हवा तर क्रमांक सोबत द्यावा.

स्वेटरची रचना म्हणजे केवळ सुंदर वीण निवडणे, असा समज फार रूढ आहे. प्रत्यक्षात रचनेचा मोठा भाग गणिताचा असतो आणि ते गणित करणाऱ्या बायकांना त्याचे श्रेय क्वचितच मिळते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी हे गणित टक्केवारीत बसवून दाखवले. अंगाच्या घेराचे टाके शंभर टक्के धरले तर मनगटाला त्याचे सुमारे वीस टक्के, दंडाला सुमारे तेहतीस टक्के आणि गळ्याला सुमारे चाळीस टक्के टाके लागतात. वरच्याच उदाहरणात मनगटाला ४४ आणि दंडाला ७२ टाके येतात, म्हणजे बाहीत २८ टाके, दोन्ही कडांना एकेक असे चौदा वेळा, वाढवायचे. बॉर्डर सोडून बाहीची उंची ३६ सेंटिमीटर असेल आणि दहा सेंटिमीटरला २८ ओळी बसत असतील तर हाताशी शंभर ओळी असतात. शंभराला चौदाने भागले की दर सातव्या ओळीला वाढ येते. पण ओळ सात धरली तर वाढ एकदा सुलट बाजूला आणि एकदा उलट बाजूला पडते, म्हणून जाणत्या बायका सहा आणि आठ ओळी आलटून पालटून धरतात. सातदा सहा आणि सातदा आठ मिळून ९८ ओळी होतात, उरलेल्या दोन सरळ विणल्या की बाही मुंढ्यापाशी पोहोचते. हा हिशेब कागदावर न मांडता मनात करणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींनी शाळेत गणिताचा धसका घेतलेला होता. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस हाताच्या कामाला ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांत दोन सुया, एक गुंडा आणि ही बाहीची भागाकाराची ओळ मुलामुलींसमोर ठेवली, तर अपूर्णांक त्यांना वेगळ्याच जिव्हाळ्याने कळतील असे मला वाटते.

विणीची निवडही मापाशी बांधलेली असते. २१६ हा आकडा मला आवडतो, कारण बारा टाक्यांची वेणी त्यात बरोबर अठरा वेळा बसते आणि कडेला अर्धी वेणी तुटत नाही. वेणीची वीण कापड आवळून घेते, जाळीची वीण ते पसरवते; म्हणून साध्या विणीवर घेतलेले माप वेणीच्या स्वेटरला चालत नाही, नमुन्याचा तुकडा त्याच विणीत विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावा लागतो. आणखी एक गोष्ट चित्र विणणाऱ्यांसाठी. साध्या विणीतला टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो, म्हणूनच दहा सेंटिमीटरमध्ये टाके २२ आणि ओळी २८ बसतात. चौकटींच्या साध्या आलेख कागदावर काढलेला मोर किंवा कमळ विणल्यावर बसके दिसते ते यामुळे. चित्र कागदावर थोडे उभट काढले तर स्वेटरवर ते योग्य प्रमाणात उतरते.

मफलर हा सर्वांत सोपा मानला जातो आणि नवख्या मुलीला पहिल्यांदा तोच विणायला देतात. परंतु एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा साध्या विणीचा मफलर दोन्ही कडांनी मागे वळतो आणि गळ्यात नळीसारखा गुंडाळला जातो. ही वीण दोन्ही बाजूंनी सारखी नसते, म्हणून असे होते. कितीही इस्त्री केली तरी हे वळणे कायमचे जात नाही. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर मफलर सरळ होण्याऐवजी कायमचा लुळा होतो. दोन्ही कडांना पाच-सहा टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणले, किंवा सगळा मफलर साबुदाण्याच्या, म्हणजे एकाआड एक सुलट-उलट टाक्यांच्या, विणीत घेतला, तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. टोपीचे गणित स्वेटरच्या उलट असते. डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर असेल तर टोपी ४८ ते ५० सेंटिमीटरची विणावी लागते, नाहीतर ती कपाळावर उतरते.

बाळंतविड्याविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे आजही सर्वांत जास्त हाताचे विणकाम त्यासाठीच होते आणि सर्वांत कमी विचारही त्याच्याच रचनेचा होतो. टोपडे, झबले, मोजे, हातमोजे, दुपटे हा संच छायाचित्रात फार गोजिरा दिसतो. पण मोज्यांना मोठ्या जाळीची वीण घेतली तर बाळाची बोटे त्या भोकांत अडकतात. दोन रंगांच्या नक्षीत मागच्या बाजूला मोकळे धागे धावतात. मोठ्यांच्या स्वेटरला ते चालतात, बाळाच्या बाहीत मात्र त्यांत नखे आणि बोटे गुंततात. टोपड्याला हनुवटीखाली लांब नाड्या लावण्याची पद्धत गळ्याच्या दृष्टीने धोक्याची आहे. त्याऐवजी खोल, कानांवर उतरणारी आणि स्वतःच्या ताणाने बसणारी टोपी रचता येते. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून झबल्याचा गळा खांद्यावर बटणाने उघडणारा हवा. रचना करणारीने हे सारे आधी पाहायचे असते, नक्षी त्यानंतर येते. छापल्या जाणाऱ्या नमुन्यांत या गोष्टींचा एका वाक्यातही उल्लेख नसतो, हे मला खरोखर खटकते.

आपल्या हवेचाही विचार व्हायला हवा. नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते आणि दुपारी बाराला ऊन चटकते. बंद, उंच गळ्याचा जाड स्वेटर युरोपातल्या हिवाळ्यासाठी योग्य आहे. आपल्याला पुढे उघडणारा, बिनबाह्यांचा किंवा अर्ध्या बाह्यांचा, पिशवीत सहज मावणारा स्वेटर जास्त उपयोगी पडतो. मुंबई-कोकणात तर सुती धाग्याच्या ओढण्या, शाली आणि पिशव्यांचीच रचना व्हावी. सुती धागा जड असतो आणि लोकरीसारखा ताणून परत जागेवर येत नाही, म्हणून त्याची बॉर्डर बारीक सुईवर घ्यावी आणि उंची थोडी कमी धरावी. वापरात ती आपोआप वाढते. परदेशी असलेल्या नातवंडांसाठी विणणाऱ्या आज्यांना मी नेहमी सांगते की अस्सल लोकर यंत्रात गरम पाण्याने धुतली की आटून नमद्यासारखी होते. यंत्रात धुता येणारी लोकर निवडावी, नाहीतर सोबत धुण्याची सूचना लिहून पाठवावी. धागा लोकरीचा आहे, सुती आहे की ॲक्रिलिक, हे म्हणूनच नमुन्यात स्पष्ट छापलेले असावे.

आता नावाविषयी. नॉर्वेतील सेल्बू या गावच्या काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांवरची आठ पाकळ्यांची चांदणी जगभर ओळखली जाते, आणि १८५७ साली तसे दुरंगी हातमोजे प्रथम विणणारी म्हणून मारित एम्स्टाड या तरुणीचे नाव तिथे आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे एखादी सुंदर नक्षी मावशीकडून भाचीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे जाते आणि दुसऱ्याच पिढीत ती ‘कुठूनतरी आलेली’ ठरते. वेणी, जाळी, साबुदाणा या विणी कोणाच्याच मालकीच्या नाहीत आणि तसेच असावे. परंतु एखाद्या बाईने मापे घेऊन, चार वेळा उसवून, तक्ता आखून लिहून काढलेला नमुना ही तिची निर्मिती असते आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण अशा लेखनाला व तक्त्याला मिळते. माझ्या ओळखीच्या एका भगिनीने रचलेला शालीचा तक्ता एका पुरवणीत कोणाच्याच नावाशिवाय छापून आला. तिने तक्रार केली नाही. ‘निदान छापला तरी’ असे म्हणून ती गप्प बसली. हे समाधान मला अस्वस्थ करते.

नाव नसले की दामही मिळत नाही. प्रदर्शनांत हाताने विणलेल्या स्वेटरची किंमत लोक लोकरीच्या वजनावरून काढतात. वर सांगितलेल्या स्वेटरच्या फक्त अंगाला, मुंढ्याची आणि गळ्याची घट वजा करूनही, तीस हजारांहून अधिक टाके असतात. मिनिटाला पंचवीस टाके या चांगल्या वेगाने ते वीस तासांचे काम होते. बाह्या, बॉर्डर, शिवण आणि रचनेला लागलेला वेळ त्यात धरलेलाच नाही. लुधियानाच्या यंत्रावरच्या स्वेटरशी त्याची किंमत जुळवू पाहणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण हे आकडे त्याच्यासमोर कधी आलेलेच नाहीत. ते आणण्याचे काम वृत्तपत्र सहज करू शकते.

तरी येत्या हंगामातल्या पहिल्या नमुन्यापासून पुरवणीत रचणारीचे नाव, दहा सेंटिमीटरमधील टाके आणि ओळी, सुईची मिलिमीटरमधील जाडी, धाग्याचा प्रकार व एकूण वजन, आणि तयार कपड्याचा घेर व उंची एवढा मजकूर नमुन्याच्या वरच छापावा, ही विनंती. हा मजकूर चार ओळींहून अधिक होत नाही. जागा अपुरी पडली तर छायाचित्र थोडे लहान करावे, मापाची ओळ काढू नये.

आपली नम्र,
एक वाचक व विणकाम शिक्षिका,
नाशिक