चतुर्भुजाच्या लेखात देवच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराविषयी रविवारच्या पुरवणीत आलेला पानभर लेख काल दोनदा वाचला. संगणकापासून अवकाशयानापर्यंत शून्याचा महिमा त्यात भरभरून सांगितला आहे. पण ते देऊळ कोणाचे, कोणी आणि कशासाठी कोरवून घेतले, याला एवढ्या मोठ्या लेखात दोन ओळीही मिळू नयेत याचे वाईट वाटले आणि रागही आला. ‘जगातील पहिले शून्य’ हा मथळाही बरोबर नाही. कंबोडियातील इ.स. 683 च्या शिलालेखात शून्य आहे, तर आपल्या या देवळातील शून्याचा शिलालेख इ.स. 876 चा आहे. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही, पण जे आहे तेच छापावे.

ज्या 270 आणि 50 या आकड्यांतील शून्य पाहायला लोक येतात, ते आकडे देवळाच्या भिंतीवर आले कसे, हे लेखकाने सांगायला हवे होते. विक्रम संवत 933 च्या माघ शुद्ध द्वितीयेचा हा शिलालेख विष्णूला वंदन करून सुरू होतो. प्रतिहार राजा भोजदेव याच्या राज्यात अल्ल हा गोपगिरीचा (हे आपल्या किल्ल्याचे जुने नाव) कोट्टपाल, म्हणजे किल्लेदार, होता. त्याने एकाच खडकातून हे लहानसे देऊळ कोरवले आणि देवाला आपल्या वडिलांच्या नावावरून वाइल्लभट्टस्वामी असे नाव दिले. शिलालेखात नोंदलेले दान मात्र राजाचे नाही, ते नगराचे आहे. अल्लानेच बांधलेल्या नवदुर्गांच्या देवळाला सगळ्या नगराने मिळून 270 हात लांब आणि 187 हात रुंद अशी फुलबागेची जमीन दिली, तेल्यांनी दर महिन्याच्या शुद्ध नवमीला प्रत्येक घाण्यामागे ठरावीक तेल द्यायचे कबूल केले, आणि गडावर राहणाऱ्या माळ्यांनी पूजेसाठी रोज 50 माळा देण्याचे मान्य केले. ज्या शून्याचे आपण एवढे कौतुक करतो, ते देवासाठी ओवलेल्या माळांच्या हिशेबातले शून्य आहे. पुढच्या पिढीने देवाच्या वाट्यातील एक माळही कमी करू नये, म्हणूनच तो आकडा इतक्या स्पष्टपणे दगडात उतरला असावा, असे मला वाटते. हा सगळा भाग गाळून उरलेल्या शून्याला मंदिराचे महत्त्व म्हणायचे, हे मला पटत नाही.

असे लेख वाचून काय होते, ते मी गेल्या मोक्षदा एकादशीला पाहिले. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखत असतानाही त्या माझा हात धरून ग्वाल्हेर दरवाजापासून तो सगळा चढ चढल्या, कारण घरच्या वृंदावनातील मंजिऱ्यांसकट ओवलेली तुळशीची माळ त्यांना चतुर्भुजाच्या दारी ठेवायची होती. आम्ही पोहोचलो तेव्हा एक गाइड पर्यटकांना घेऊन उभा होता. मोबाइलच्या टॉर्चचा झोत भिंतीवर फिरत होता, सगळ्यांच्या पायांत चपला-बूट तसेच होते, आणि जाऊबाई हात जोडून डोळे मिटतात न मिटतात तोच तो म्हणाला, “माताजी, ज़रा साइड में हो जाइए, ज़ीरो नहीं दिख रहा.” जाऊबाई मुकाट्याने बाजूला झाल्या. मी त्याला विचारले की हे मंदिर कोणत्या देवाचे, हे तरी या मंडळींना सांगितलेत का? त्यावर त्याचे उत्तर होते की, लोक ज़ीरो बघायला येतात. संपादक महोदय, आपल्या रविवारच्या लेखातही नेमके हेच सांगितले आहे, म्हणून हे पत्र.

लेखकाला गणितच हवे होते, तर ते देवाच्या चार हातांतही होते. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे चार हातांत किती प्रकारे धारण करता येतील, हे उदाहरण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त घातले आहे आणि त्याचे उत्तर 24 आहे. संध्येच्या आरंभी आपण केशव, नारायण, माधव अशी जी नावे घेतो तीही चोवीसच आहेत, आणि त्यातील प्रत्येक रूप आयुधांच्या क्रमावरून ओळखायचे असते. म्हणजे कोणत्या हातात काय आहे हे पाहिल्याशिवाय समोरची मूर्ती केशवाची की माधवाची हे कळत नाही, आणि म्हणून चतुर्भुज मूर्तीसमोर क्षणभर थांबून नीट दर्शन घ्यावे लागते. आमचे सासरे मुलांना प्रत्येक विष्णुमूर्तीपुढे हाच पाठ द्यायचे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील कितीतरी मराठी घरांत आजही रोज ही चोवीस नावे म्हटली जातात. त्या घरांतील मुलांना चतुर्भुजाचे हे देऊळ आणि घरातील संध्या यांचा संबंध आपल्या पुरवणीतून कळला असता, तर केवढे काम झाले असते!

गाडीने उरवाई दरवाजाकडून वर जाणाऱ्यांना हे देऊळ वाटेत लागतच नाही. त्यासाठी पूर्वेकडच्या दरवाजांच्या जुन्या वाटेने पायी जावे लागते. निदान एवढी माहिती तरी लेखात द्यायला हवी होती. माझी विनंती अशी की पुढच्या रविवारी मथळ्याची दुरुस्ती छापावी, आणि त्याबरोबर शिलालेखातील नगराच्या दानाचा सगळा भाग मराठीत द्यावा.

जाता जाता आणखी एक. आपल्या दिनविशेषात एकादशी दोन दिवस येते तेव्हा केवळ स्मार्त एकादशी छापली जाते आणि भागवत एकादशीचा उल्लेखही नसतो. वारकरी आणि वैष्णव घरांना त्यासाठी दुसऱ्याच्या पंचांगात पाहावे लागते. याविषयी मी पूर्वीही कळवले होते, पण काही फरक पडलेला नाही. येत्या महिन्यापासून दोन्ही तिथी द्याव्यात.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
लश्कर, ग्वाल्हेर