चेरी टोमॅटोचा नरकासुर

मनू,

काल व्हिडिओ कॉलवर म्हणालीस ना, आई इथली दिवाळी म्हणजे नुसती नक्कल आहे, तेव्हा बाबा शेजारी होते म्हणून मी काही बोलले नाही, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं म्हणून सकाळी चहा गॅसवर ठेवून टाईप करायला बसलेय. चुका असतील, चष्मा सापडत नाहीये.

आधी सॉरी. कारीट मिळालं नाही म्हणून तू बाथरूमच्या दारात चेरी टोमॅटो फोडलास, त्यावर मी फार हसले. आजी तर म्हणाली बरंच की, नरकासुराचं रक्त तरी दिसलं! आम्ही रविवार कारंज्यावरून उटण्याच्या पुडीसोबत कारीट आणतो, अंगठ्याखाली टचकन फोडतो, कडू बी जिभेला लावून तोंड वाकडं करतो आणि झाली आमची ओरिजिनल दिवाळी. तुझं काय कमी झालं त्यात?

तुझ्या इंग्लंडातल्या लेस्टरबद्दल वाचत होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं, तर तुझ्या गावच्या कौन्सिलने काय करावं, थेट युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली की आमच्याकडे येऊ नका, इथे घरं नाहीत, शाळांत जागा नाही. तरी लोक आलेच, दुकानं टाकली, आणि १९८३ पासून त्याच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई होते. ज्यांना या म्हटलं नव्हतं त्यांच्या सणाला आता अख्खं गाव लोटतं. ह्याला नक्कल म्हणायचं असेल तर म्हण बाई.

आणि आपण नाशिककर तर ह्यात बोलूच नये. राम अयोध्येला परतला म्हणून सगळे दिवे लावतात, पण आपल्याकडे तो परतला नव्हता, आपल्याकडे तो वनवासात होता. पंचवटीत पर्णकुटी होती त्याची, भाड्याच्या खोलीसारखी म्हण हवं तर, आणि सीतेला नेलं तेही इथूनच. काळारामाला जाताना मला हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही, तू गेल्यावर सुचलं.

समोरच्या जैन काकू अमावास्येला पहाटे देरासरात निर्वाण लाडू चढवायला जातात, ह्यावेळी मीपण गेले. महावीरांचं निर्वाण पावापुरीला ह्याच रात्री झालं, इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये असं ते मानतात. काकू म्हणाल्या, तेव्हाचे राजे म्हणाले ज्ञानाचा उजेड गेला, आता तेलाचे दिवे लावू. म्हणजे बघ, कुणी आलं म्हणून नाही, कुणी गेलं म्हणून दिवे. मला एकदम आठवलं की तू गेलीस त्या वर्षी मी आकाशकंदील लावलाच नव्हता, बाबांनी दोनदा माळ्यावरून काढला आणि मी दोनदा परत ठेवायला लावला. वेडेपणाच तो.

बाबांचे देवळालीचे सरदारजी मित्र लक्ष्मीपूजनाला बर्फी घेऊन आले होते, ते दिवाळीला बंदी छोड दिवस म्हणतात. गुरू हरगोबिंदांना जहांगीरने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडलं होतं, सोडायची वेळ आली तर म्हणाले मी एकटा नाही जाणार, अंगरखा धरून येतील तेवढेच सुटतील असं ठरलं, मग ५२ टोकांचा अंगरखा शिवून घेतला आणि एकेक टोक धरून कैदेतले ५२ राजे बाहेर आले. सरदारजींनी हे सांगताना आमच्या सोफ्याच्या कव्हरचं टोक धरून दाखवलं, बर्फी सांडली ती वेगळीच! तुझ्या ऑफिसातली ती अमृतसरची मुलगी एकटीच राहते म्हणालीस ना, तिला फराळाला का नाही बोलावलंस?

आता पार्सलचं. मागच्या वेळी कुरिअरवाल्याने चकल्यांचा पार भुगा केला, तू तो दह्यात घालून खाल्लास हे मला दादाने सांगितलं. म्हणून ह्यावेळी नुसती भाजणी पाठवलीये. सोऱ्या तुझ्या लाल बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे, गेल्या वर्षीच मी हळूच घातला होता, बघितलाही नसशील. एक वाटी भाजणीला पाऊण वाटीच्या आसपास पाणी, उकळतं, मोहन कडकडीत. आणि ती धुराची घंटा वाजायला लागली तर आधी खिडकी उघड, मग मला फोन कर.

आई