रिचर्ड एकटा पडलाय

प्रिय शिऱ्या,

हे इथे कुणाला सांगून उपयोग नाही. मंद्याला फोनवर सांगायला गेलो, तर म्हणाला, "गाणी तीच आहेत ना? मग?" म्हणून तुला लिहितोय.

'द बँड' या आपल्या लाडक्या पाचजणांचं 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' घरी आलं. अल्बमला पन्नास वर्षं झाली म्हणून 2018 मध्ये काढलेली ती आवृत्ती. दोन तबकड्या, 45 च्या स्पीडच्या, त्यामुळे दोन-तीन गाणी झाली की उठायचं. कव्हरवर बॉब डिलनने काढलेलं तेच चित्र. केतकीने हौसेने रेकॉर्ड लावली, पण 33 वर. आपल्या गायक रिचर्ड मॅन्युएलने असा काही हंबरडा फोडला की नाना आतून विचारत आले, कोण गेलं रे?

45 केलं आणि माझी खरी पंचाईत सुरू झाली. वाईट वाजतं असं अजिबात नाही. बॉब क्लिअरमाउंटनने मूळ टेपवरून सगळं नव्याने मिक्स केलंय, म्हणजे कुठला आवाज किती आणि कुठे हे पुन्हा ठरवलंय. रिकचा बास मोकळा झालाय, लेव्हनचा ड्रम थेट छातीत वाजतो, स्टुडिओतली बोलणीसुद्धा मधेमधे ठेवलीत. पण पहिलं गाणं, 'टिअर्स ऑफ रेज', ते बापाचं! जुन्या मिक्समध्ये रिचर्ड त्या हॉर्न आणि ऑर्गनच्या गर्दीतून वाट काढत येतो. लेकीला हाक मारतोय आणि ती ऐकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, असं आपण तुझ्या माळ्यावर ठरवलं होतं. आता प्रत्येक वाद्य आपापल्या जागी नीट बसलंय आणि मधल्या मोकळ्या जागेत रिचर्ड एकटा. गर्दीच नाही, तर बाप हरवणार कुठे?

तू म्हणशील, मग जुनी कॅसेट ऐक. ऐकतोच आहे. पण केतकीसाठी आता हाच तो अल्बम. कॅसेट लावली तर म्हणते, "मामा, हे दबल्यासारखं वाटतं." तिचं काय चुकलं? तिच्या हातात जे दिलं तेच तिला खरं वाटणार. ही नुसती पुन्हा छापलेली रेकॉर्ड असती, तर मी नाचलो असतो. इथे 1968 मध्ये त्यांनी ठरवलेलं बदललंय. तेव्हा, 2018 ला, निदान रॉबी आणि गार्थ होते. रिचर्ड 1986 लाच गेला, मग रिक, मग लेव्हन. 2023 मध्ये रॉबी आणि 2025 च्या जानेवारीत गार्थ. पाचातलं कुणी उरलं नाही. उद्या आणखी कुणी त्या टेप घेऊन बसलं, तर "इथे हात लावू नकोस" असं हक्काने कोण म्हणणार? रात्री पडल्या पडल्या हेच डोक्यात येतं.

आता तुझं पालुपद सुरू होईल, रॉबीने सगळ्यांची गाणी आपल्या नावावर केली. अरे, या रेकॉर्डचं लेबल वाच. रॉबीची चार, रिचर्डची तीन, आणि ते बापाचं गाणं रिचर्ड-डिलन दोघांचं. सुरुवात रिचर्डच्या आवाजात, शेवटही त्याच्याच. मला विचारशील तर हा अल्बम रिचर्डचा. म्हणून तर जीव तुटतो. आणि हा अल्बम तळघरात झाला, हेही पुन्हा काढू नकोस. 'बिग पिंक' म्हणजे त्या गुलाबी घराच्या तळघरात 1967 मध्ये डिलनबरोबर वाजवलं ते वेगळं. हा अल्बम न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाला. बापटांसमोर लावलेली पैज तू हरलायस, मिसळ अजून येणे आहे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालते. माझी शुगर जिथल्या तिथे. तिकडे कॅनडात किचनरची थंडी सरली का? वहिनींची नवी नोकरी रुळली असेल. अथर्वने शेवटी कुठलं कॉलेज घेतलं ते कळव.

आणि एक काम कर. रिचर्डचं गाव स्ट्रॅटफर्ड तुझ्यापासून तासाभरावरही नसेल. तिथे जा, आणि जाता-येता जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत कॅपिटल कंपनीने काढलेली या अल्बमची जुनी प्रत शोध. कव्हर फाटकं चालेल, पहिली बाजू स्वच्छ हवी. डिसेंबरात येताना हातातल्या सामानातून आण, मोठ्या बॅगेत कोंबू नकोस. केतकीला दोन्ही एकापाठोपाठ ऐकवायचंय. त्यानंतर ती म्हणाली की नवंच बरं, तर मी वाद घालणार नाही. पण जुनं तिच्या कानांवरून गेलेलं हवं. पैसे किती झाले ते सांग, उगाच मोठेपणा करू नकोस.

तुझा,
अव्या