माजी विद्यार्थी मेळावा : येताना शेतातली माती आणा

सर्व सभासदांनो, येत्या शनिवारी सकाळी 10 वाजता महाविद्यालयाच्या मृदा प्रयोगशाळेत जमायचे आहे. भाषणे अर्ध्या तासात आटोपतील. उरलेला वेळ शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा. ते तुम्ही आणलेल्या मातीची तपासणी करतील. सामू (pH, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी) आणि क्षारता (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) त्याच दिवशी कळेल, नत्र-स्फुरद-पालाशचा (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) अहवाल नंतर.

नमुना चुकला तर अहवालही चुकतो, म्हणून शिकलेले पुन्हा सांगतो :

- शेतात नागमोडी चालत 10-12 ठिकाणी 20 सेंमी खोल, ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्या. आतली माती फेका, कडेची सारख्या जाडीची कापून घ्या. फळबागेला एवढी खोली पुरत नाही. तिथे दर 30 सेंमी थराचा नमुना वेगळा.
- बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती नको. नुकतेच खत दिलेले शेत या वेळी वगळा.
- सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. मग सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीवर मात्र नाही! हे हमखास होते आणि पालाश भलताच जास्त दिसतो.
- लोह-जस्त तपासायचे असल्यास लोखंडी खुरपे, जस्ती बादली टाळा. लाकूड किंवा प्लास्टिक वापरा.

कापडी पिशवीत चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, शाई ओलाव्याने पसरते. खोली, मागील पीक, बागायत की जिरायत, एवढे हवेच.

प्रत्येकी जास्तीत जास्त 2 नमुने. संख्या बुधवारपर्यंत आपापल्या तुकडीच्या प्रतिनिधीला कळवा. रसायने त्या हिशेबाने तयार करावी लागतात.